सूर्यातला ठिपका

गुडघे टेकून फार वेळ झाला नव्हता, तेवढ्यात वकिलाला देवावर पेन्सिलचा ठिपका दिसला. आधी वाटलं चष्म्यावर काहीतरी असेल. त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत लावला. ठिपका जागच्या जागी होता, पांढऱ्या चकतीच्या खालच्या कडेला, डाव्या हाताला, मोहरीच्या दाण्याहून लहान. दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता, पण ज्यानं तो स्वतःच्या हातानं काढला होता त्याला तो न दिसून कसा राहील. आजूबाजूला माणसं शांत होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत सिस्टर शांत होत्या. वर पंखा फिरत होता. वेदीवर सोनेरी किरणांच्या मधोमध, काचेच्या गोल डबीत, चौथीच्या वर्गाला दाखवायची चकती बसली होती आणि सगळे तिची आराधना करत होते.

वकील हा काही खरा वकील नव्हे. तो चॅपेलला लागून असलेल्या शाळेत गणित आणि धर्मशिक्षण शिकवायचा. ही जोडी कशी जमली असं कुणी विचारलं की तो सांगायचा, दोन्हींत उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेलं असतं, मार्क फक्त पायऱ्यांना मिळतात. वकील हे नाव त्याला याच शाळेत, शेजारी बसलेल्या याच सिस्टरनी ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की आई आता दूध आणायला सांगतानाही वकीलच म्हणायची. सिस्टरनाही पोरांनी नाव ठेवलं होतं. त्या चष्म्यावरून बघायच्या आणि शेवटच्या बाकाखाली कोण काय करतंय ते त्यांना फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं, म्हणून दुर्बीण. आता दुर्बिणीला हातभर अंतरावरचं जेमतेम दिसत होतं. मोतीबिंदू काढून झाला, थेंब घालून झाले, आणि शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. समोर काहीतरी सोनेरी आहे आणि त्याच्या मध्ये काहीतरी पांढरं आहे, एवढं त्यांना दिसत असावं. एवढंच दिसायची गरज असते, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच अवघड होतं. पीठ आणि पाण्याची ती पातळ चकती. धर्मगुरूनं मिस्सेच्या उपासनेत तिच्यावर ठरलेले पवित्र शब्द उच्चारले की ती ख्रिस्ताची आठवण किंवा खूण राहत नाही, ख्रिस्त होते. शब्द उच्चारले नाहीत तर ती पीठ आणि पाणीच राहते. अधलंमधलं काही नसतं, आणि दिसायला दोन्ही डिट्टो सारख्या. महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी ती पवित्र चकती काचेच्या डबीत घालून सोनेरी किरणांच्या त्या उंच पात्रात ठेवतात. पोरं त्याला सूर्य म्हणतात. मग लोक यादीप्रमाणे पाळीपाळीनं तिच्यासमोर तास-तासभर नुसते बसतात. कुणी बोलत नाही, कुणी गात नाही. वकिलाकडे वर्गासाठी तसलीच एक जुनी डबी होती. काल त्यानं ती पोरांना उघडून दाखवली, बंद करून दाखवली, आणि घंटा झाली म्हणून वेदीमागच्या खोलीत फळीवर ठेवून तो सहावीला त्रैराशिक शिकवायला पळाला. वर्गातली चकती खऱ्यात मिसळू नये म्हणून तिच्यावर पेन्सिलचा ठिपका काढायची पद्धत शाळेत फार जुनी होती. ठिपका नियमाप्रमाणे काढला होता. डबी उचलून न्यायची तेवढी राहिली.

पुढचं त्याला बसल्या जागी दिसलं. पूर्वी हे काम फादरशिवाय कुणी करायचं नाही. आता फादर एक आणि चर्चेस तीन. फादर वकिलाहून लहान, पळायचे बूट घालतात आणि झग्याखालून ते दिसतात. शुक्रवारी ते तिसऱ्या चर्चमध्ये असतात, म्हणून इथे चकती बाहेर काढायची परवानगी निवृत्त पोस्टमास्तरांना मिळालेली. पोस्टमास्तर कपडे इस्त्री करून येतात आणि किल्ली रुमालात गुंडाळून आणतात. आज त्यांना फळीवर भरलेली डबी दिसली असणार, फादरनी जाताना आपल्यासाठी घाईघाईत काढून ठेवली असं वाटलं असणार, फादरांचा थोडा रागही आला असणार, आणि मग त्यांनी फळीसमोर गुडघे टेकून ती दोन्ही हातांनी उचलली असणार. उभ्या नोकरीत ज्या माणसाचं एक पाकीट चुकीच्या घरी गेलं नाही, त्यानं आज हे पोचवलं होतं. खरी डबी वेदीमागे भिंतीतल्या पितळी पेटीत, कुलपात, जशीच्या तशी होती.

उठायचं, मागच्या बाकावर जायचं, पोस्टमास्तरांच्या कानात सांगायचं. वकिलानं एक गुडघा उचललासुद्धा. तेवढ्यात सिस्टरनी त्याचं मनगट धरलं. त्यांचा हात नेहमी गार असायचा, खडू धरल्यासारखा कोरडा. आज तो कोमट होता. त्या पुढे वाकल्या आणि आपण फार हळू बोलतोय या समजुतीत बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाल्या, "वकील, आज वाटतंय."

"काय, सिस्टर?"

"ते. जे वाटायला पाहिजे म्हणतात ते."

वकिलानं गुडघा परत खाली ठेवला.

हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तो उठला असता. पण त्याला मागच्या रविवारची दुपार आठवली. सिस्टरांचा मठ बंद होणार होता. एकेकाळी जेवणाच्या घंटेला जिथे दोन लांब टेबलं भरायची, तिथे आता दुर्बीण एकटी उरली होती, आणि शनिवारी सकाळी गाडी येऊन त्यांनाही दुसऱ्या शहरात, म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरी नेणार होती. मठात कॉम्प्युटरची खोली होणार होती. नव्या मुख्याध्यापकांनी, जे विद्यार्थ्यांना 'शिकणारे' म्हणतात, खोलीला सिस्टरांचं नाव द्यायचं सुचवलं, तर सिस्टर म्हणाल्या, नको, मशीन बंद पडलं की लोक माझ्या नावानं ओरडतील. त्या दुपारी वकील त्यांची पुस्तकं खोक्यात भरत होता आणि त्या खुर्चीत बसून कुठलं ठेवायचं, कुठलं वाटून टाकायचं ते वास घेऊन सांगत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, तुला प्रार्थनेत काही वाटतं का रे. तो म्हणाला, कधी कधी. नशीबवान आहेस, त्या म्हणाल्या, मला नाही वाटत. आज नाही का, असं त्यानं विचारलं. तर म्हणे आज कुठलं, मठात आल्यावर पहिली एक-दोन वर्षं वाटलं आणि मग जे बंद झालं ते झालं. हे त्यांनी, नळाला पाणी येत नाही हे ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात सांगितलं. कचेरीतली खिडकी असते बघ, त्या म्हणाल्या, आत दिवा चालू आहे, खुर्ची आहे, खुर्चीच्या पाठीला कोट अडकवलाय, म्हणजे माणूस आलाय, इथेच कुठेतरी आहे. आपण उभं राहायचं. वकिलाच्या हातात तेव्हा एक जाड पुस्तक होतं आणि ते कुठल्या खोक्यात घालायचं हे तो विसरला. मग तुम्ही आम्हाला एवढी वर्षं काय शिकवलंत, असं त्याच्या तोंडून गेलं. "रांगेत कसं उभं राहायचं ते," सिस्टर म्हणाल्या. "ते मला फार चांगलं येतं."

आणि आज खिडकीवर माणूस आला होता. फक्त तो चौथीच्या वर्गातला होता.

वकिलानं तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा सैल पडला होता, तोंड किंचित उघडं, आणि डोळ्यांच्या कडा ओल्या. त्याला लाज वाटली, कुणाच्या खोलीत न विचारता डोकावल्यासारखी. मग डोक्यात खटला उभा राहिला, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंचा वकील तोच. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडतंय? सगळ्यांचे तास संपतील, पोस्टमास्तर डबी पेटीत ठेवतील, रात्री फादरना फोन करून सांगता येईल, फादर बूट काढून कपाळावर हात मारतील आणि सकाळी निस्तरतील. गाडी तोपर्यंत गेलेली असेल. सिस्टर गाडीत बसतील त्या असा चेहरा घेऊन बसतील. एवढी वर्षं रांगेत उभ्या राहिलेल्या बाईला एक शुक्रवार मिळाला तर तो काढून घेणारा मी कोण. शिवाय माणसं जिकडे तोंड करून बसली आहेत तिकडेच, चार हातांवर, भिंतीत खराही आहेच. फक्त मध्ये पितळेचं दार आहे. हा मुद्दा त्याला इतका आवडला की त्यानं तो दोनदा मांडला. मग दुसऱ्या बाजूचा वकील उठला. त्याच्याकडे मुद्दा असा काहीच नव्हता. तो नुसता ठिपक्याकडे बोट दाखवून उभा राहिला.

ठिपक्यावरूनच तर त्याला वकील हे नाव पडलं होतं. पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पोरांना पहिल्यांदा पवित्र चकती देतात त्या विधीची, तालीम चालली होती. पोरांनी जीभ बाहेर काढून रांग लावली होती, कारण तेव्हा चकती हातात द्यायची पद्धत सुरू व्हायची होती. सिस्टर पांढऱ्या पायघोळ झग्यात, एकेकाच्या जिभेवर ठिपक्याची चकती ठेवत होत्या आणि चावायची नाही म्हणून सांगत होत्या. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं जीभ आत घेतली आणि विचारलं, सिस्टर, ठिपका पुसला गेला तर खरी कुठली ते कसं कळणार? मागे पोरं हसली. सिस्टर हसल्या नाहीत. "बघून कळत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून तर ठिपका काढतो. जीभ बाहेर काढा, वकीलसाहेब." तेव्हापासून किती बदललं. वेदी भिंतीपासून सुटून लोकांसमोर आली. झगे गेले आणि सिस्टर साध्या कपड्यांत दिसायला लागल्या, तेव्हा त्यांना केस आहेत हे पाहून पोरं आठवडाभर त्यावरच बोलत होती. मेणबत्त्यांच्या जागी लुकलुकणारे दिवे आले. वेदीवर मदतीला मुली उभ्या राहिल्या. गिटार आलं, गेलं, परत आलं. धर्मशिक्षण आता पडद्यावर चालतं आणि शेवटी रिकाम्या चित्रात रंग भरायचे असतात. सिस्टरनी यातल्या कशालाच नाक मुरडलं नाही. फार तर गिटारच्या वेळी कानातलं यंत्र बंद करायच्या. ठिपका तेवढा राहिला, कारण तो काढून टाकायचं कुणाला सुचलं नाही.

बाबा गेले तेव्हा तो सहावीत होता. एका आठवड्यात त्याला कळलं की जगात सगळ्यांना सगळं माहीत असतं. काकाला माहीत होतं की बाबा वरून बघताहेत. शेजारच्या बाईंना माहीत होतं की देवाला चांगली माणसं लवकर लागतात. तेव्हाच्या फादरना माहीत होतं की यात काही योजना आहे. शाळेत पोरं त्याच्याकडे अशी बघायची जणू त्याच्या डोक्यावर काही ठेवलंय. सिस्टरनी त्याला वर्गातून उठवलं, सामानाच्या खोलीत नेलं, खोकंभर पेन्सिली आणि एक टोकयंत्र समोर ठेवलं, आणि शाळेच्या सगळ्या पेन्सिलींना टोकं काढून हवी आहेत म्हणून सांगितलं. स्वतः समोर वह्या तपासत बसल्या. दुसऱ्या दिवशी परत. टोकं मोडलेल्या पेन्सिली संपतच नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्याला एक चावलेली लाल पेन्सिल दिसली, जिचं टोक त्यानं आदल्या दिवशी काढल्याचं त्याला पक्कं आठवत होतं, आणि आता ते मोडलेलं होतं. त्यानं मान वर करून पाहिलं. सिस्टर वहीत लाल शाईनं काहीतरी फार मन लावून खोडत होत्या. त्यानं पुन्हा टोक काढलं. पाचव्या का सहाव्या दिवशी, तोंडात लाकडाच्या भुशाची चव असताना, त्यानं विचारलं, जगाच्या शेवटच्या दिवशी बाबा मेलेल्यांतून उठतील तेव्हा त्यांच्या पायात कुठले बूट असतील, कारण दवाखान्यातून त्यांचे बूट परत मिळालेच नाहीत. आता सिस्टरनाही काहीतरी माहीत असणार म्हणून तो वाट बघत होता. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही रे." मग वही पुढे ओढत म्हणाल्या, मलाही कळलं तर हवंय.

पंखा कुरकुरला. वकिलाला एकदम जाणवलं की आपल्या अंगात जे काही थोडंफार धड आहे ते त्या सामानाच्या खोलीत, त्या एका वाक्यावर उभं आहे. सगळ्यांना माहीत असताना एका माणसाला माहीत नव्हतं, आणि त्या माणसानं ते सांगितलं. त्याचे आभार कधी मानायचेच राहून गेले होते, आणि आज ते मानायची एकच पद्धत त्याच्या हातात होती, तीही ही असली. ज्यांनी आपल्याला कधी गोड खोटं दिलं नाही, त्यांना आपण उद्याच्या गाडीत ते बांधून देणार का? सिस्टरांचा हात अजून मनगटावर होता.

"सिस्टर," तो कानाशी वाकून म्हणाला, "समोरची आपली वर्गातली आहे."

"कुठली?"

"ठिपक्याची. मी काल फळीवर विसरलो. पोस्टमास्तरांना कळलं नाही."

हात मनगटावरून निघाला. सिस्टर समोर बघत राहिल्या, त्या सोनेरी आणि पांढऱ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू आवरला गेला, पाहुणे गेल्यावर घर आवरतात तसा, आणि वकिलाला वाटलं की इतकं वाईट काम आपण आयुष्यात केलेलं नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यानं घाईनं खिशातून रुमाल काढून दिला. त्यांनी तो तोंडावर दाबला, आणि दोन बाकं मागून कुणीतरी सहानुभूतीनं सुस्कारा सोडला. रुमालाआडून आलेला आवाज रडण्याचा नव्हता. दुर्बीण हसत होत्या, चाकाची खुर्ची करकरेपर्यंत.

"खरा कुठे आहे?" श्वास परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"मागे. पेटीत."

"कुलूप आहे ना?"

"आहे."

"मग पळून नाही गेला." त्यांनी डोळे पुसले. "जा, पोस्टमास्तरांना सांग. हळू सांग, त्यांच्या हृदयाचं काहीतरी आहे. चूक तुझी म्हणून सांग."

चूक त्याचीच होती, त्यामुळे ते सोपं गेलं. पोस्टमास्तर ऐकत असताना आधी पांढरे पडले, मग लाल, मग त्यांनी गळ्याजवळचं बटण लावलेलंच आहे हे तपासून पाहिलं. आपण फळीसमोर गुडघे टेकले होते हे त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा कबुलीसारखं आणि एकदा तक्रारीसारखं. मग दोघं सरळ चालत वेदीपाशी गेले. पोस्टमास्तरांनी रुमालातून किल्ली काढून पेटीतली खरी डबी घेतली, वकिलानं सूर्य उचलला, आणि वेदीमागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं. तिथे डब्यांची अदलाबदल केली. पोस्टमास्तर खरी डबी बसवत असताना वकिलानं ती खालून धरली, म्हणजे खरं तर दोघांनी मिळून ती बसवली. वर्गातली डबी, ठिपक्याच्या चकतीसकट, वकिलानं खिशात टाकली. बाहेर लोकांचं काय झालं असेल या धास्तीनं त्यांनी दार उघडलं. पण गेल्या काही वर्षांत चर्चमध्ये इतकं काही बदललं होतं की हेही नवीन आलेलं असणार असं सगळे धरून चालले होते. सूर्य परत येताना दिसताच पुढच्या बाकावरची एक बाई उभी राहिली, तिचं बघून बाकीचे उभे राहिले, आणि पोस्टमास्तरांनी गुडघे टेकल्यावर सगळ्यांनी टेकले. मागचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला की हे जुन्यापेक्षा बरं आहे, मध्येच जरा हालचाल होते.

वकील जागेवर आला. सिस्टर समोर बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो नेहमीचा चेहरा होता, वह्या तपासण्याचा. विचारायची हिंमत होईना, पण न विचारताही राहवेना.

"आता?" त्यानं विचारलं.

सिस्टरनी बराच वेळ घेतला. खरंच तपासून सांगावं असा.

"आता काही नाही," त्या म्हणाल्या. आणि मग, त्याला धीर द्यायचा म्हणून नव्हे तर तसंच होतं म्हणून, "हा ओळखीचा आहे."

मग मघाशी ते काय होतं, असं त्यानं भीत भीत विचारलं. त्यांनी मान किंचित वर केली. पंखा असेल, म्हणाल्या, मठात माझ्या खोलीत पंखा नीट चालत नाही. मग म्हणाल्या, सांगितलंस ते बरं केलंस, नाहीतर मी तिकडे जाऊन त्या म्हाताऱ्यांना सांगत बसले असते, की बायांनो, धीर धरा, शेवटी वाटतं. त्या बिचाऱ्या धरून बसल्या असत्या.

आणि त्या त्यांचं जे काम होतं त्याला लागल्या. वकिलानं आजवर त्यांना शेकडो वेळा असं बसलेलं पाहिलं होतं. पाठ ताठ, हात मांडीवर, बघणं समोर. त्यातून समाधान ओसंडतंय असं त्याला लहानपणापासून वाटायचं. आता माहीत होतं की ओसंडत काही नाही, रोज कोरडंच आहे, आणि तरी या बाई रोज येऊन बसल्या, आणि त्यांच्यामागे आमच्यासारख्यांच्या रांगा लावल्या, आणि रांगेत एखादं पोर रडलं तर त्याच्यासाठी पेन्सिली मोडत बसल्या. पुढचं वर्ष झालं की धर्मशिक्षणाचा तास कुणाला तरी देऊन टाकायचा असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. ते आता कुठे गेलं ते त्याला सापडेना, आणि शोधावंसंही वाटेना.

तास संपत आला. यादीतली पुढची माणसं येऊन मागे उभी राहिली, त्यांच्या ओल्या छत्र्यांचा वास आला. वकील उठला नाही. सिस्टरांची मान हळूहळू खाली जात होती. हनुवटी छातीला टेकली, आणि थोड्या वेळानं एक बारीक, नियमित घोरणं ऐकू यायला लागलं. मघाच्या चकतीसमोर त्या ताठ जाग्या होत्या, पाहुण्यासमोर बसावं तशा. आता घरच्या माणसासमोर डोळा लागतो तसा त्यांचा डोळा लागला होता. मागचा कुणीतरी खाकरला. वकिलानं वळून बोटानं गप्प केलं. मग त्यानं समोर बघितलं, शेजारी बघितलं, आणि आभार मानले. एकदाच मानले. वेगवेगळे मानायची गरज त्याला वाटली नाही.